बालसंगोपन : परवडते ते कुणाच्या जिवावर?

लहान मुलांना दिवसभर सांभाळायचे कुणी, हा प्रश्न निघाला की मराठी मध्यमवर्ग ताबडतोब हळवा होतो, आणि हळवे झाले की हिशेब मांडावा लागत नाही. दिवाळी अंकांतील कथांतून ‘पाळणाघर’ हा शब्द वर्षानुवर्षे अपराधाची खूण म्हणून वावरत आला आहे. नोकरी करणारी आई, तापाने फणफणलेले मूल, आणि अखेरीस राजीनामा. बापाने राजीनामा दिल्याची कथा निदान माझ्या वाचनात नाही. आणि या कथांतून पाळणाघर चालवणाऱ्या बाईंना बहुधा नावही नसते. त्यांच्या मिळकतीचा उल्लेख तर दूरच.

अलीकडे ‘परवडणारे बालसंगोपन’ असा शब्दप्रयोग रूढ होतो आहे. त्यातले ‘परवडणारे’ हे विशेषण तपासून पाहिले पाहिजे. तीन वर्षांच्या मुलापाशी कुणा तरी प्रौढ माणसाचा अख्खा दिवस जातो. त्या दिवसाची किंमत सरकार देईल, मालक देईल, नाही तर कुणी तरी बाई ती आपल्या अंगावर घेईल. चौथा मार्ग नाही. आपण बहुतांशी तिसरा मार्ग पत्करला आहे.

हे असेच व्हायला हवे होते असे मुळीच नाही. महाराष्ट्राला या क्षेत्रात परक्यांकडून शिकण्याची गरज कमी होती. ताराबाई मोडकांनी भावनगरात गिजुभाई बधेकांबरोबर काम केले, १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला, आणि १९४५ मध्ये ताराबाई बोर्डीला गेल्या. अनुताई वाघ तिथे त्यांना येऊन मिळाल्या. पुढे १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी पाड्यांच्या शेजारी गेले. मुले बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर या बायांनी बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. मोठी बहीण शाळेत येत नाही, कारण तिच्या कडेवर धाकटे भावंड असते, हे त्यांनी पाहिले. आणि पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच छपराखाली आणणारी ‘विकासवाडी’ काढली. धाकट्याची सोय झाल्याशिवाय थोरलीचे शिक्षण होत नाही, हे साधे गणित त्यात होते. आपल्या शिक्षणतज्ज्ञांना ते आजही पुन्हा पुन्हा सांगावे लागते.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि ‘अंगणवाडी’ देशभर पोचली. पोषण, लसीकरण, पूर्वप्राथमिक शिक्षण हे सारे तिच्या कक्षेत आले. हे कार्य लहान नाही, आणि त्याची टिंगल करण्याचा माझा हेतू नाही. परंतु योजनेने दोन गोष्टी गृहीत धरल्या, आणि दोन्ही घातक ठरल्या. पहिली अशी की मुलाची आई घरी आहे. त्यामुळे अंगणवाडी दिवसातले काही तासच चालते. रोजंदारीवर गेलेली बाई संध्याकाळी परतते तेव्हा तिचे मूल अंगणवाडीतून येऊन कितीतरी वेळ झालेला असतो. दुसरे गृहीत असे की मुले सांभाळणे हे काम नसून सेवा आहे. म्हणून तिथे काम करणारी ती ‘सेविका’, तिला मिळते ते ‘मानधन’. केंद्राने ठरवलेला हा मानधनाचा आकडा २०१८ साली तीन हजारांवरून साडेचार हजारांवर आला. राज्ये त्यात आपापली भर घालतात. मान आणि धन या दोहोंचा समास एवढ्या स्वस्तात अन्यत्र कुठे सुटत नसेल.

एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका व मदतनीस यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निर्णय दिला, आणि हे काम अर्धवेळ आहे हा युक्तिवाद मान्य करण्यास नकार दिला. त्यानंतरही डिसेंबर २०२३ पासून महाराष्ट्रातील सेविकांना सुमारे पन्नास दिवस संपावर राहावे लागले. शाळेचे शिक्षक पन्नास दिवस संपावर असते तर वर्तमानपत्रांनी आकाशपाताळ एक केले असते. इथे मात्र शिक्षण बंद पडले आहे असे फारसे कुणाला वाटले नाही, कारण ते शिक्षण आहे असेच मुळात आपण मानत नाही.

राज्यघटनेनेही पुढे आपला हात आखडता घेतला. मूळ अनुच्छेद ४५ मध्ये चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांचा निर्देश होता. त्यात खालची वयोमर्यादा नव्हती. २००२ च्या ८६ व्या दुरुस्तीने शिक्षण मूलभूत हक्क झाले ते सहा ते चौदा वयासाठी. सहाच्या आतल्यांसाठी ‘राज्य प्रयत्न करील’ एवढे आश्वासन उरले. ज्याचा उत्सव झाला त्या दुरुस्तीने धाकट्यांना दाराबाहेर ठेवले, ही गोष्ट उत्सवात कुणाच्या ध्यानात आली नाही.

मालकांच्या जबाबदारीचीही तीच गत. १९४८ च्या कारखाने कायद्यात पाळणाघराची अट कामगार स्त्रियांच्या संख्येवर होती. १९७६ पासून ती तीसहून अधिक स्त्रिया अशी झाली. म्हणजे मूल हे केवळ स्त्रीकामगाराला होते, आणि तीस बायांवर थांबणाऱ्या मालकाला काहीच करावे लागत नव्हते. २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्तीने पन्नास कर्मचारी असा निकष आणला, स्त्री असो वा पुरुष. सुधारणा खरीच. पण दिवसातून चार वेळा पाळणाघरात जाऊन येण्याची मुभा त्या दुरुस्तीने दिली ती आईलाच. बापाला मूल पाहावेसे वाटेल हे कायदा करणाऱ्यांच्या मनातही आले नाही.

आणि ज्यांना मालकच नसतो त्यांचे काय? ऊसतोडीत नवराबायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. उचल जोडप्याच्या नावे, खाडा झाला तर दंडही जोडप्यालाच. बीडकडून निघालेल्या त्या बैलगाडीत वा ट्रॅक्टरवर दोन वर्षांचे मूलही असते; त्याला या हिशेबात जागा नाही. पहाटे फडात ते बांधावर पाचटावर ठेवले जाते आणि त्याच्यापाशी सात-आठ वर्षांची बहीण बसते. साखरशाळा निघाल्या त्या थोरल्यांसाठी, आणि ही थोरली नेमकी त्याच कारणाने तिथे पोचत नाही. कोसबाडला उलगडलेले गणित पुन्हा अडलेले. कारखाना म्हणतो, मजूर मुकादमाचे. मुकादम म्हणतो, मी उचल दिली आहे.

‘आईसारखे कुणी सांभाळू शकत नाही’ असे यावर सांगितले जाते. हे सांगणाऱ्या घरांतली धुणीभांडी करणारी बाई आपले मूल कुठे ठेवून येते, एवढे विचारून पाहावे. दुसरा आक्षेप पैशाचा. पैसा लागतो, यात शंका नाही. अंगणवाडी पूर्ण दिवस चालवायची तर आणखी एक शिकलेली बाई नेमावी लागेल आणि दोघींना वेतन द्यावे लागेल. २०२२ मध्ये ‘मिशन शक्ती’खाली आलेल्या ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीला जोडून पाळणाघराची तरतूद आहे. पण ते पाळणाघर पुन्हा मानधनावरच चालवायचे असेल, तर एका बाईची सुटका दुसरीच्या पिळवणुकीतून, एवढाच त्याचा अर्थ होतो.

सुरुवात फडापासून करता येईल. साखर कारखान्याला दर हंगामाला साखर आयुक्तालयाकडून गाळप परवाना घ्यावा लागतो. त्यासाठी अटी घातल्या जातात, थकबाकी तपासली जाते. त्या अटींत आणखी एक घालावी : तोडणी टोळ्यांच्या तळावर, पहाटेपासून तोडणी संपेपर्यंत उघडे राहणारे, पगारी बाया असलेले पाळणाघर. ते नसेल त्या कारखान्याला गाळप नाही.