शोधयंत्रांची मक्तेदारी आणि आपली अनास्था

मराठीतून संकेतस्थळ चालविणाऱ्या संस्था आता गावोगावी आहेत. शिक्षणसंस्था, ग्रंथालये, सेवाप्रकल्प, नियतकालिके, इतिहास मंडळे अशा अनेकांनी आपली कवाडे महाजालावर उघडली आहेत. महिनाअखेरीस वाचकसंख्येचा तक्ता समोर आला की, बहुतेक ठिकाणी एक विसंगती दिसते. एका शोधयंत्राकडून हजारो वाचक आलेले असतात, तर दुसऱ्याकडून जेमतेम काही डझन. एका शोधयंत्रात पहिल्याच पानावर दिसणारा लेख दुसऱ्यात दहाव्या पानावरही सापडत नाही. लेख तोच, भाषा तीच, संकेतस्थळ तेच. मग हा भेद कशामुळे?

राष्ट्रीय विचारांच्या वर्तुळात या प्रश्नाचे एक उत्तर तयार असते : ‘हे मुद्दाम केले जाते.’ परकीय कंपन्या विशिष्ट विचारांचे लेखन जाणूनबुजून मागे ढकलतात, ही भावना मोठ्या प्रमाणावर रुजलेली आहे. बलाढ्य कंपन्यांवर विसंबून राहू नये, ही सावधगिरी योग्यच आहे. परंतु भावना म्हणजे निदान नव्हे. चुकीच्या निदानावर लढाई लढली की, शत्रू भलताच ठरतो आणि घरातील दोष जागच्या जागी राहतात. म्हणून हा विषय शांतपणे समजून घेणे आवश्यक आहे.

शोधयंत्र महाजालाचा शोध घेते, हा समजच मुळात अपुरा आहे. शोधयंत्र आपल्या स्वतःच्या सूचीत शोध घेते. त्याच्या आज्ञावली अहोरात्र संकेतस्थळांवर फिरतात, पाने वाचतात, त्यांतील शब्दांची नोंद करतात आणि एक अवाढव्य सूची तयार होते. वाचकाने शब्द लिहिला की, या सूचीतील पाने गुणानुक्रमे त्याच्यासमोर मांडली जातात. एकाच शहरातील दोन ग्रंथालयांत ग्रंथ वेगळे आणि त्यांची मांडणीही वेगळी असावी, तसा हा प्रकार आहे. त्यामुळे एखाद्या शोधयंत्राकडून किती वाचक येतील, हे तीन गोष्टींवर ठरते. ते शोधयंत्र मुळात किती लोक वापरतात, आपले पान त्याच्या सूचीत आहे की नाही आणि असल्यास कितव्या क्रमांकावर आहे. या तिन्हींचा गुणाकार होतो. एक जरी शून्य असली तरी उत्तर शून्यच येते.

सूचीच्या बाबतीत एक गंमत लक्षात घेण्यासारखी आहे. नावे अनेक दिसली तरी मोठ्या सूची मोजक्याच आहेत. याहूने २००९ साली मायक्रोसॉफ्टशी करार केला आणि त्यानंतर त्याचे शोधनिकाल मुख्यत्वे बिंगच्या सूचीवर विसंबू लागले. २००८ साली सुरू झालेले डकडकगो हेही आपल्या निकालांसाठी मोठ्या प्रमाणात बिंगवरच अवलंबून राहिले आहे. म्हणजे बिंगच्या सूचीत ज्याला जागा मिळाली नाही, त्याची उपेक्षा एकाच वेळी तीन दारांत होते. त्यात षड्यंत्र नसते. एकाच विहिरीचे पाणी तीन घरांत जावे, इतकी ही साधी गोष्ट आहे.

क्रम लावण्याचे निकषही प्रत्येकाचे वेगळे आहेत. लॅरी पेज आणि सर्जी ब्रिन यांनी १९९८ साली गूगल कंपनी स्थापन केली, तेव्हा तिचे वैशिष्ट्य होते ते एका पानाकडे इतर किती आणि कोणती पाने बोट दाखवितात, यावरून त्याचे महत्त्व ठरविण्याचे. आज शेकडो घटक विचारात घेतले जातात. शीर्षकातील शब्द, मजकुराचे ताजेपण, वाचकाचे स्थान, त्याच्या यंत्राची भाषा यांपैकी कशाला किती वजन द्यायचे, हे प्रत्येक कंपनी स्वतः ठरविते. २०१९ पासून नव्या संकेतस्थळांच्या बाबतीत गूगल भ्रमणध्वनीवर दिसणारे रूपच प्रमाण मानू लागले. संगणकाच्या पडद्यावर देखणे, पण भ्रमणध्वनीवर अपुरे असणारे संकेतस्थळ तेथे मागे पडले, तर त्यात विचारसरणीचा संबंध शोधण्याचे कारण नाही.

तथापि, तिन्ही घटकांतील पहिला घटक, म्हणजे कोणते शोधयंत्र किती लोक वापरतात, हा मात्र निव्वळ गुणवत्तेचा प्रश्न राहिलेला नाही. येथे मक्तेदारीचा खरा चेहरा दिसतो. अमेरिकेच्या न्याय विभागाने २०२० साली गूगलविरुद्ध भरलेल्या खटल्याचा निकाल ५ ऑगस्ट २०२४ रोजी लागला. गुजरातेतील पाटण येथे जन्मलेले न्यायाधीश अमित मेहता यांनी गूगलने शोधक्षेत्रातील आपली मक्तेदारी बेकायदा मार्गाने टिकविल्याचा निष्कर्ष काढला. अमेरिकेतील सर्वसाधारण शोधांपैकी सुमारे ९० टक्के शोध गूगलवर होतात आणि भ्रमणध्वनीवर हे प्रमाण सुमारे ९५ टक्के आहे, असे त्यात नमूद झाले. नव्या भ्रमणध्वनीवर वा ब्राउझरवर आपलेच शोधयंत्र आधीपासून बसविलेले असावे, यासाठी गूगलने २०२१ या एका वर्षात २६.३ अब्ज डॉलर मोजले. सप्टेंबर २०२५ मध्ये याच न्यायालयाने अशा एकाधिकाराच्या करारांना मनाई केली आणि शोधाशी संबंधित काही माहिती स्पर्धकांना देण्याचा आदेश दिला. जे आयते समोर येते तेच बहुसंख्य लोक वापरतात, हे या अब्जावधी डॉलरच्या व्यवहाराने सिद्ध केले आहे.

भारतानेही या बाबतीत डोळे मिटलेले नाहीत. विवाह जुळविणारे एक भारतीय संकेतस्थळ आणि एक ग्राहक संघटना यांनी २०१२ मध्ये केलेल्या तक्रारींवरून भारतीय स्पर्धा आयोगाने फेब्रुवारी २०१८ मध्ये गूगलला शोधनिकालांतील पक्षपाताबद्दल १३५.८६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइड प्रणालीच्या संदर्भात १,३३७.७६ कोटींचा दंड झाला. राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाने मार्च २०२३ मध्ये तो कायम ठेवला. या आदेशामुळेच नव्या यंत्रांवर शोधयंत्र निवडण्याचा पर्याय भारतीय ग्राहकाला देण्याची घोषणा गूगलला जानेवारी २०२३ मध्ये करावी लागली. या सर्व प्रकरणांत सिद्ध झालेला दोष व्यापारी आहे, हे मात्र ध्यानात ठेवले पाहिजे. आपल्या सेवांना झुकते माप देणे आणि स्पर्धकाला दारातच अडविणे, हा तो दोष. वैचारिक पक्षपाताचा आरोप करणाऱ्यानेही याच तोडीचा पुरावा उभा केला पाहिजे.

इतर देशांनी काय केले, हे पाहणे उद्बोधक आहे. रशियात १९९७ साली सुरू झालेल्या यांडेक्सने रशियन शब्दांच्या बदलत्या रूपांचा अभ्यास आपल्या यंत्रात प्रथमपासून उतरविला. तेथील स्पर्धा नियामकाशी २०१७ मध्ये झालेल्या तडजोडीनंतर अँड्रॉइड यंत्रांवर शोधयंत्र निवडीची मुभा मिळाली आणि यांडेक्सचा वाटा वाढत गेला. दक्षिण कोरियात १९९९ पासून नेव्हर आहे. चीनने २००० साली स्थापन झालेले बायडू वाढविले. २०१० मध्ये गूगलने चीनमधील आपली शोधसेवा हाँगकाँगला हलविली. चीनच्या यशामागे सरकारी सेन्सॉरची भिंत आहे आणि लोकशाही भारताला तो मार्ग अनुकरणीय नाही. परंतु कोरियासारख्या लहान देशाने स्वभाषेच्या बळावर जे उभे केले, ते दीड अब्जाच्या घरातील देशाला अशक्य का वाटावे?

आता घराकडे वळले पाहिजे. कारण मराठी संकेतस्थळांच्या बाबतीत सर्वांत मोठी अडचण घरातच आहे. ती भाषेची आहे. मराठी आणि हिंदी यांची लिपी एक. ‘शिक्षा’ म्हणजे मराठीत दंड आणि हिंदीत शिक्षण. ‘राजीनामा’ मराठीत पदत्याग, तर हिंदीत समझोत्याचा लेख. देवनागरी दिसली की ती हिंदीच, असे गृहीत धरणारे यंत्र मराठी वाचकासमोर भलतीच पाने मांडते. पुन्हा मराठी शब्द विभक्ती लागताना रूप पालटतो. ‘किल्ला’ शोधणाऱ्याला ‘किल्ल्यावर’, ‘किल्ल्यांची’, ‘किल्ल्याखालच्या’ असे शब्द असलेली पानेही मिळाली पाहिजेत. ज्या यंत्राला मराठीचे सामान्यरूप शिकविलेले नाही, त्याला हे चार निरनिराळे शब्द वाटतात. एका यंत्राला हे व्याकरण थोडे अधिक समजते, दुसऱ्याला कमी. वाचकसंख्येतील तफावतीचे एक मोठे कारण येथे आहे.

लिपीच्या संकेतांकनातही असेच आहे. ‘वाऱ्यावर’, ‘तऱ्हा’ या शब्दांतील अर्धा र युनिकोडमध्ये दोन पद्धतींनी लिहिता येतो. ‘ॲ’ या अक्षराला स्वतंत्र स्थान २००८ मध्ये मिळाले. त्यापूर्वीचे लेखन निराळ्या जोडणीने झालेले आहे. डोळ्यांना अक्षर एकच दिसते, संगणकाला मात्र ते वेगळे असते. जे शोधयंत्र ही दोन्ही रूपे एक मानते तेथे लेख सापडतो, इतरत्र सापडत नाही. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी रत्नागिरीच्या स्थानबद्धतेच्या काळात लिपिशुद्धीची चळवळ चालविली, तिच्यामागे नागरी लिपी मुद्रणयंत्राला आणि टंकयंत्राला सुलभ व्हावी, ही दृष्टी होती. लिपी काळाच्या यंत्राबरोबर चालली नाही, तर भाषा मागे पडते, हे त्यांनी ओळखले होते. सावरकरांचा वारसा सांगणाऱ्यांच्या संकेतस्थळांवर यंत्राला वाचताच न येणारा मजकूर असावा, हा दैवदुर्विलास आहे.

असा मजकूर थोडाथोडका नाही. युनिकोड रूढ होण्यापूर्वी मराठी मजकूर खासगी फॉन्टमध्ये टंकला जात असे. पडद्यावर मराठी दिसे, पण यंत्राच्या लेखी ती रोमन अक्षरांची निरर्थक रांग असे. अशी हजारो पाने अद्याप बदललेली नाहीत. अनेक नियतकालिकांचे जुने अंक छायाचित्रांच्या स्वरूपात ठेवले आहेत. चित्रातील अक्षरे ओळखण्याची क्षमता सर्व यंत्रांत सारखी नाही. म्हणून तेच अंक एका ठिकाणी अर्धेमुर्धे सापडतात, दुसऱ्या ठिकाणी मुळीच नाहीत. शीर्षकाच्या जागी ‘मुखपृष्ठ’ एवढाच शब्द, पानांची यादी शोधयंत्राला कळविलेली नाही, आणि कधी तर शोधयंत्रांना प्रवेशबंदी करणारी ओळ चुकून तशीच राहिलेली! गूगल आणि बिंग दोघेही संकेतस्थळाच्या चालकाला त्याचे कोणते पान सूचीत आहे आणि कोणते का नाही, हे विनामूल्य दाखवितात. ही साधने किती संस्थांनी उघडून पाहिली आहेत? ते न पाहता शोधयंत्राला बोल लावणे म्हणजे नाचता येईना अंगण वाकडे, अशातला प्रकार आहे.

हा केवळ तंत्रज्ञांचा विषय नाही. परदेशी वाढणारा मराठी मुलगा आजीने शिकविलेल्या रामरक्षेचा अर्थ शोधतो, शाळकरी मुलगी शिवराज्याभिषेकाची माहिती शोधते, तेव्हा जे सापडते तेच त्यांच्या लेखी सत्य ठरते. अभ्यासूंनी आयुष्य वेचून लिहिलेले सापडले नाही, तर कोणीतरी घाईने लिहिलेले सापडेल. २०२४ पासून शोधयंत्रे भारतात कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेला सारांश निकालांच्या वर देऊ लागली आहेत. सारांश वाचून मूळ पानाकडे न जाणारा वाचक वाढेल, हे उघड आहे. ज्या लेखनाची नोंदच सूचीत नाही, त्याचा अंश त्या सारांशातही उतरणार नाही.

म्हणून काम दोन पातळ्यांवर आहे. राष्ट्रीय पातळीवर स्वतःची सूची उभारण्याचा संकल्प हवा. प्रयत्न झाले नाहीत असे नाही. २००६ साली बंगळुरूत ‘गुरुजी’ हे शोधयंत्र सुरू झाले आणि काही वर्षांत बंद पडले. केंद्र सरकारच्या साहाय्याने आयआयटी मुंबईच्या पुढाकाराखाली ‘संधान’ हे भारतीय भाषांचे शोधयंत्र तयार झाले, त्यात मराठीही होती. पण त्याचा आवाका पर्यटनापुरता राहिला. युरोपातील चौदा संस्थांनी २०२२ मध्ये युरोपीय संघाच्या साहाय्याने महाजालाची सामायिक खुली सूची उभारण्याचे काम हाती घेतले. तसे काम भारतीय भाषांसाठी सरकार, विद्यापीठे आणि उद्योग यांनी मिळून केले पाहिजे. सूची हीसुद्धा रस्ते आणि बंदरे यांच्यासारखी राष्ट्राची पायाभूत सोय आहे.

दुसरी पातळी प्रत्येक संस्थेची, प्रत्येक कार्यकर्त्याची आहे. जुना मजकूर युनिकोडमध्ये आणणे, छायाचित्रांतील अंक पुन्हा टंकणे, लेखांना अर्थपूर्ण शीर्षके देणे, एकमेकांच्या चांगल्या लेखांचे दुवे देणे, मराठी विश्वकोश आणि विकिपीडिया यांसारख्या सार्वजनिक ज्ञानसाधनांचा वापर वाढविणे, घरातील संगणकावर मराठीतूनच शोध घेणे, ही कामे कोणत्याही सरकारी आदेशावाचून आजच सुरू होऊ शकतात. रोज एक तास देणारे पाच तरुण एखाद्या संस्थेचे पन्नास वर्षांचे लेखन यंत्राला वाचता येईल असे करू शकतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचा आनंद सर्वांनी साजरा केला. तो दर्जा कागदावर मिळाला आहे. महाजालावर तो मराठी माणसाला आपल्या श्रमांनी मिळवावा लागेल. मक्तेदारीविरुद्धचा लढा न्यायालयांत चालू राहील आणि तो चाललाच पाहिजे. परंतु उद्या न्याय मिळाला, सर्व दारे खुली झाली आणि आपल्या पानांवरील अक्षरे तेव्हाही कोणत्याच यंत्राला वाचता आली नाहीत, तर दोष कोणाला द्यायचा?