माळ्यावरच्या वस्तूंचा रास्त भाव

पितृपंधरवडा लागला की मराठवाड्यात दसरा काढायला सुरुवात होते. घट बसण्याआधी घरातली वाकळ न् वाकळ धुऊन निघाली पाहिजे, डबे घासून उन्हात पालथे पडले पाहिजेत, माळ्यावरचं सगळं एकदा खाली उतरलं पाहिजे. खेड्यात नदीकाठ गोधड्यांनी भरतो, नांदेड-लातूरच्या अपार्टमेंटमध्ये गच्चीवरच्या दोऱ्या भरतात. या उतरवलेल्या सामानात दर वर्षी काही वस्तू अशा निघतात, की त्या पुन्हा वर चढवायला कुणाचाच हात पुढे होत नाही. पुण्याला नोकरीला गेलेल्या मुलाचं अभ्यासाचं टेबल. नवा फ्रिज आल्यापासून मागच्या खोलीत उभा असलेला जुना. आजीचा तांब्याचा बंब. सणाच्या घाईत त्यांचा निकाल एकाच रीतीने लागतो. रस्त्यावर भंगारवाल्याची हाक ऐकू आली, की त्याला बोलवायचं, देईल ते घ्यायचं आणि जागा मोकळी झाली म्हणून समाधान मानायचं.

यंदा ही घाई करू नका, असं आमचं मनापासून सांगणं आहे. भंगारवाल्याचा व्यवहार खोटा नाही. आजच्या आज सामान हलवायचं असेल तर तो देतो तो भाव योग्यच असतो, कारण उचलण्याचे कष्ट त्याचे आणि पुढे न खपण्याची जोखीमही त्याचीच. पण चालू फ्रिज हा लोखंड-पत्र्याचा ढीग नव्हे. आपल्याच शहरात, दोन गल्ल्या सोडून, कुणीतरी नवा संसार मांडत असतं आणि त्याला नेमका तोच हवा असतो. मोबाइलवर फोटो टाकून त्या माणसापर्यंत पोचणं आज कुणालाही जमतं. तरी आपण ते टाळतो, आणि त्याचं कारण मोबाइल येत नाही हे नसतं.

मराठवाड्यात घरातलं विकायला काढणं याचा अर्थ फार काळ एकच होता, दिवस फिरले. १९७२ च्या दुष्काळात माणसं खडी फोडायला गेली, सुकडीवर जगली, आणि घरातली पितळेची भांडी एकेक करून मोडीत गेली. ज्यांनी ते पाहिलं किंवा आईच्या तोंडून ऐकलं, त्यांच्या लेखी हंडा विकणं म्हणजे घराची अब्रू बाजारात नेणं. म्हणून आज खाऊनपिऊन सुखी असलेल्या घरातही, जुना सोफा कॉलनीच्या ग्रुपवर टाकू का असं सुनेने विचारलं, की सासऱ्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘लोक काय म्हणतील?’ आणि शेवटी कुणी बघायला आलंच तर लाजेखातर भाव सांगितला जात नाही. ‘द्या तुम्हाला वाटेल ते,’ म्हटलं जातं. तिथेच सौदा बुडतो. या संकोचाला आम्ही हसणार नाही, तो फार दुःखातून आला आहे. पण गरज नसताना, राजीखुशीने विकणाऱ्यानेही अडलेल्याचाच भाव घ्यावा, यात कुणाची अब्रू राहते?

आपल्याच शहरांत एक पिढी अशी आहे, जिला ही लाज माहीतच नाही. लातूरच्या ट्यूशन एरियात आणि नांदेडच्या श्यामनगर-भाग्यनगरात दर वर्षी गावोगावची हजारो मुलं खोल्या घेऊन राहतात. ‘नीट’ ही वैद्यकीय प्रवेशपरीक्षा अलीकडे मे महिन्याच्या पहिल्या रविवारी होते. ती झाली की खोल्या रिकाम्या व्हायला लागतात आणि कूलर, लोखंडी कॉट, गाद्या, टेबलं, नोट्सचे गठ्ठे ग्रुपवर येऊन पडतात. अठरा वर्षांचं पोरगं सरळ लिहितं, ‘कूलर दोन उन्हाळे वापरला, पंपाचा आवाज येतो, संध्याकाळी खोलीवर येऊन बघा.’ लपवाछपवी नाही, संकोच नाही. त्याचं नुकसान होतं ते वेळेपायी. महिनाअखेर खोली सोडायची असते, बाप गाडी घेऊन आलेला असतो, आणि पुढची बॅच येईपर्यंत मृग निघालेला असतो. भर पावसात कूलर कोण घेणार? मग एखादा दुकानदार दहा-पंधरा कूलर मातीमोल उचलतो, फाल्गुनापर्यंत शेडमध्ये ठेवतो आणि दुप्पट-तिपटीने विकतो. मोठ्यांचा भाव लाज पाडते, पोरांचा घाई पाडते.

हाळी-हंडरगुळीचा जनावरांचा बाजार किंवा माळेगावची यात्रा ज्याने पाहिली, त्याला रास्त भाव म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. तिथे बैलाचे दात बघतात, चालवून बघतात, आणि चांगला विकणारा खोड असेल तर ती आपल्या तोंडाने सांगतो, कारण पुढच्या बाजारात त्याच माणसांना तोंड दाखवायचं असतं. जुना फ्रिज असाच विकावा. फोटो दिवसाउजेडी काढावेत आणि त्यात दाराचं फाटलेलं रबरही दिसू द्यावं. फ्रिज चालू असतानाचा छोटा व्हिडिओ जोडावा. किती वर्षं वापरला, गॅस कधी भरला, काय बदललं ते लिहावं. कपाट असेल तर लांबी-रुंदी-उंची फुटांत द्यावी, नाहीतर सौदा ठरून पैसे दिल्यावर ते घेणाऱ्याच्या जिन्यात अडकतं. छोटा हत्ती टेम्पोचं भाडं आणि हमाली कोण देणार, हेही आधीच बोलून घ्यावं. खोड सांगितली की भाव उतरेल ही भीती असते, आणि थोडा उतरतोही. पण पाहायला आलेला माणूस रिकामा परत जात नाही, आणि घेऊन गेलेला आठ दिवसांनी भांडायला येत नाही.

आकडा ठरवताना बहुतेक जण जुनी पावती काढून बसतात. पावती सांगते ती तेव्हाची किंमत, घेणारा मात्र तुलना करतो ती आज दुकानात मिळणाऱ्या नव्या वस्तूशी. २२ सप्टेंबर २०२५ ला, नेमकं घटस्थापनेच्या दिवशी, एसी आणि ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. नवा टीव्ही स्वस्त झाला, की घरातल्या जुन्याचाही भाव त्या दिवशीच उतरतो, त्याला आपली पावती काय करणार? पुण्याच्या जाहिरातीतले आकडे बघूनही फसायला होतं. एक तर जाहिरातीत असतो तो मागितलेला भाव, मिळालेला नव्हे. शिवाय तिथे गिऱ्हाइकं पुष्कळ. आपल्याकडे लाकडी कपाटाचा बाजार शहराच्या वेशीपलीकडे जात नाही, कारण पुढे भाडंच कपाटाला महाग पडतं. तेव्हा शहरातल्याच चार जाहिराती पाहाव्यात, घासाघिशीला थोडी जागा ठेवून भाव लिहावा, आणि याच्या खाली द्यायचं नाही असा एक आकडा घरच्यांशी बोलून मनात पक्का करावा.

तांब्या-पितळेचं निराळं आहे. घंगाळ, बंब, मोठी परात घासून पुसून बघा. काठावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं नाव सापडेल, लग्नाची तारीख सापडेल, कुठल्या मामाने कुणाला भेट दिली ते सापडेल. मोड घेणारा हे सगळं किलोत मोजतो. पण पुण्या-बंगळुरूच्या घरांत, हॉटेलांत हीच भांडी शोभेसाठी नगावर घेतली जातात. म्हणून आधी घरी वजन करावं, दोन भांड्यांच्या दुकानांत मोडीचा दर विचारावा, तो तळाचा भाव समजावा, आणि मगच नगाची किंमत सांगावी. किंवा ते नाव एकदा वाचून विकायचा विचार सोडून द्यावा, त्यातही काही चुकत नाही. जुन्या मूर्ती आणि पोथ्यांना मात्र हात लावण्याआधी थांबावं. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुन्या मूर्तींचा आणि पंचाहत्तर वर्षांहून जुन्या मोलाच्या हस्तलिखित पोथ्यांचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही आणि त्या परस्पर देशाबाहेर पाठवता येत नाहीत. गॅसची टाकीही विकायची नसते. ती कंपनीच्या मालकीची असते, एजन्सीत परत केली की अनामत मिळते.

आणि नको असलेलं सगळंच विकावं असंही नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, पहिल्या फेरीत ५ लाख लिटर पाणी घेऊन. त्या उन्हाळ्यातले ड्रम आणि टाक्या आज अनेक गच्च्यांवर रिकाम्या पडल्या आहेत. लातूरची बाई त्या काढू देत नाही, आणि तिचं बरोबर आहे.

ऑनलाइन विक्रीतला मोठा धोका कमी भावाचा नाही, फसवणुकीचा आहे. जाहिरात टाकल्यावर थोड्याच वेळात फोन येतो. बोलणारा बहुधा हिंदीत बोलतो, सैन्यात आहे म्हणतो, बदली झाली म्हणतो, ओळखपत्राचा फोटोही पाठवतो. वस्तू न पाहता, एक रुपया कमी न करता सांगितलेला भाव कबूल करतो. इथेच सावध व्हावं, आपल्याकडे घासाघीस न करता घेणारा माणूस असतो कुठे? मग तो क्यूआर कोड पाठवतो आणि म्हणतो, ‘स्कॅन करून पिन टाका, पैसे तुमच्या खात्यात येतील.’ यूपीआयमध्ये पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन लागतो तो द्यायला. घरातल्या आजी-आजोबांना हे एवढं वाक्य पाठ करून द्यावं. तरीही पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करावा, जितकं लवकर कळवावं तितकी रक्कम पुढे सरकण्याआधी अडवता येण्याची शक्यता जास्त. जुना मोबाइल किंवा लॅपटॉप विकताना त्यातलं सगळं पुसल्याशिवाय तो हातातून सोडू नये. घेणाऱ्याला बोलवायचं ते दिवसा, घरात आणखी कुणी असताना.

या कामात महापालिकांनाही काही करता येईल. लातूर आणि नांदेड-वाघाळा या दोन्ही महापालिकांनी वर्षातून दोनदा, घटस्थापनेआधीच्या रविवारी आणि मे महिन्यात परीक्षेनंतर, एखादं मैदान जुन्या वस्तूंसाठी मोकळं ठेवावं. फोटो मोबाइलवर, वस्तू मैदानात, गिऱ्हाईक समोरासमोर. तिथे एक तपासलेला वजनकाटा हवा, कूलर-फ्रिज लावून बघायला विजेचे चार बोर्ड हवेत, सायबर पोलिसांचं एक टेबल हवं, आणि न खपलेल्या मोडक्या यंत्रांसाठी ई-कचरा घेणारी अधिकृत गाडी. मुलांचे न विकले गेलेले कूलर-कॉट भाडं घेऊन पुढच्या हंगामापर्यंत ठेवणारं एखादं गोदाम निघालं, तर मातीमोल विक्री आपोआप थांबेल. कुठल्याही महाविद्यालयाच्या वसतिगृहाला हे एकट्यानेही जमण्यासारखं आहे. मे महिन्यासाठीचा निर्णय मार्चच्या आत झाला पाहिजे, कारण परीक्षेनंतर मुलांच्या हातात फारसा वेळ नसतो.