तयारी कशाला म्हणायची?

अमेरिकेत वीस वर्षं काढलेल्या कुठल्याही मराठी माणसाला एक वाक्य तोंडपाठ असते: "कष्टाने माणूस घडतो." आम्हीही ते मुलांना ऐकवतो. त्यापाठोपाठ दोन सूटकेसा, मास्टर्सच्या काळातली तळघरातली खोली, बर्फातून बसस्टॉपपर्यंतची पायपीट हे सगळं ओघाने येतंच. आमचे चिरंजीव आता जांभईसुद्धा लपवत नाहीत.

गेल्या नाताळात आमच्या गावातल्या एका मराठी ख्रिस्ती कुटुंबाकडे फराळाला गेलो होतो. करंज्या, चकल्या, सगळं आपल्या दिवाळीसारखंच. घरातल्या काकू मूळच्या नगरकडच्या. बोलता बोलता त्या म्हणाल्या, "आमच्याकडे म्हणतात, देव दुःखातून तयारी करून घेतो." आम्ही पेशाने इंजिनिअर. तयारी म्हटलं की आम्हाला लगेच प्रश्न पडतो: कशाची, आणि किती दिवसांत?

घरी येऊन आम्ही पंडिता रमाबाईंबद्दल पुन्हा वाचायला घेतलं. शाळेत त्यांच्यावर जेमतेम एक परिच्छेद होता, आणि त्यांनी धर्म बदलला हे वाक्य गुरुजींनी जरा घाईतच उरकलं होतं.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आधी बायकोला आणि मग बायकोकडून मुलीला संस्कृत शिकवलं, म्हणून समाजाची नाराजी ओढवून घेतली. कुटुंब तीर्थक्षेत्रं फिरत, पुराणं सांगत जगायचं. १८७४ च्या सुमारास दुष्काळात आईवडील गेले, थोरली बहीणही गेली. भाऊ श्रीनिवास १८८० साली गेला. त्याच वर्षी लग्न, १८८२ मध्ये वैधव्य, पदरात लहानगी मनोरमा. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या आणि सप्टेंबरात वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

इथून पुढे गोष्ट सरळ होते असं वाटेल, पण तसं झालं नाही. ज्यांनी बाप्तिस्मा दिला त्यांच्याशीही त्या धर्मतत्त्वांवर हुज्जत घालत राहिल्या. हे मला पटत नाही, ते कशावरून, असं चाललेलं. इकडे पुण्यात लोक दुरावले, तिकडे वाँटेजच्या सिस्टर्स हैराण. ना इकडची ना तिकडची ही अवस्था आपल्यापैकी अनेकांच्या ओळखीची आहे. फरक एवढाच की आपल्याला ती मुख्यतः दिवाळी आणि थँक्सगिव्हिंगच्या मधल्या आठवड्यांत छळते. त्यांना ती आयुष्यभर पुरली.

आता आपल्या जवळची गोष्ट. ११ मार्च १८८६ ला फिलाडेल्फियात वुमन्स मेडिकल कॉलेजचा पदवीदान समारंभ झाला. आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या आणि त्यासाठी रमाबाई मुद्दाम इंग्लंडहून आल्या. एका सभागृहात दोन मराठी बायका! दोघींनीही कष्ट काही कमी उपसले नव्हते. त्यातल्या आनंदीबाई वर्षभराच्या आत, फेब्रुवारी १८८७ मध्ये, क्षयाने पुण्यात वारल्या. वय अवघं एकवीस.

म्हणून आम्हाला ते "कष्टाने माणूस घडतो" हल्ली घशाखाली उतरत नाही. लोखंड तापवून विझवलं तर पाणी चढतं हे खरं, पण आत चीर असेल तर तेच लोखंड विझवताना फुटतं. आणि रमाबाईंच्या थोरल्या बहिणीला त्या दुष्काळाने काय घडवलं?

आमच्या ओळखीच्या एका तरुणाची नोकरी अलीकडेच गेली. एच-वन व्हिसा, म्हणजे हातात फार तर साठ दिवस. बायको बाळंतपणाला टेकलेली. मंडळाच्या पॉटलकला सगळ्यांनी त्याला सांगितलं, "जे होतं ते बऱ्यासाठीच." तो बिचारा मान डोलावत होता. आमच्या हिने मात्र त्याला बाजूला घेऊन विचारलं, "हॉस्पिटलचा इन्शुरन्स कधीपर्यंत आहे?" त्या संध्याकाळी त्याच्याशी कामाचं बोललेली तेवढी एकटीच.

बायबलात पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्रात, पाचव्या अध्यायात, संकटापासून आशेपर्यंत जाणारी एक साखळी आहे. मधल्या कड्या आहेत धीर आणि शील. सांत्वन करणारे आपण संकटावरून थेट आशेवर उडी मारतो, मधलं सगळं गाळून. त्या मधल्या कड्यांनाच वर्षं लागतात. स्वतः रमाबाईंनी लिहून ठेवलंय की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना उमगलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नव्हे. आठ वर्षं! तेवढ्यात आपल्याकडे काहींचं ग्रीन कार्डसुद्धा होत नाही, हा भाग वेगळा.

त्या आठ वर्षांत त्या काही हातावर हात ठेवून बसल्या नव्हत्या. अमेरिकेत गावोगाव व्याख्यानं दिली, फिलाडेल्फियात बालवाडीचं शिक्षण घेतलं, १८८७ मध्ये इंग्रजीत 'द हाय-कास्ट हिंदू वुमन' छापलं. बॉस्टनच्या लोकांनी संस्था काढून दहा वर्षं पैसे पुरवायचं कबूल केलं. ११ मार्च १८८९ ला मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडलं, आनंदीबाईंच्या पदवीला बरोबर तीन वर्षं झाली त्या दिवशी. त्याच वर्षी अमेरिकेवरचं त्यांचं मराठी पुस्तकही आलं. ते आपल्यापैकी किती घरांत आहे हे विचारायची सोय नाही. १८९३ मध्ये मुली ख्रिस्ती होताहेत म्हणून गदारोळ झाला. रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. दोन्ही बाजूंचं दुखणं खरं होतं असं आम्हाला वाटतं. आपली लेक वसतिगृहात ठेवली असती तर आम्हीही चौकशीला गेलो असतो.

मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. रमाबाई स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली-बायकांना घेऊन आल्या. त्या चेहऱ्यांवर काय लिहिलंय ते त्यांना कुणी समजावून सांगायला नको होतं, वीसेक वर्षांपूर्वी तो चेहरा त्यांचाच होता. पुण्याहून दौंडच्या वाटेवर केडगावला मुक्ती उभी राहिली ती यातून, आणि ती आजही आहे. दुष्काळ चांगला होता असं यातून मुळीच निघत नाही. एवढंच निघतं की त्या तो विसरल्या नाहीत.

लहानपणी रस्त्याने चालता चालता पाठ केलेलं संस्कृतही असंच भलत्याच ठिकाणी कामी आलं. पुढे त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून मुळावरून अख्खं बायबल साध्या मराठीत आणायला घेतलं, खेड्यातल्या बाईला वाचता यावं म्हणून. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. न्यू यॉर्क राज्यात नॉर्थ चिली इथे शिकलेली, आईनंतर सगळं सांभाळेल अशी एकुलती एक मुलगी. रमाबाई काम करत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ ला त्याही गेल्या. भाषांतराचं पुस्तक १९२४ साली बाहेर आलं, केडगावच्याच छापखान्यातून. तिथे काम करणाऱ्या बायका मुक्तीतल्याच होत्या.