बुडालेला तास कोणाचा?

संगीताच्या खाजगी शिकवणीविषयी बोलताना आपण दोन भाषा वापरतो. गुरुपौर्णिमेच्या भाषेत शिक्षकाला देवाच्या शेजारी बसवले जाते, त्याच्या पायावर डोके ठेवले जाते, विद्येचे मोल होत नाही असे सद्गदित होऊन सांगितले जाते. महिनाअखेरीची भाषा निराळी असते. 'या महिन्यात तीनच तास झाले, मग फी चार तासांची कशी?' हा प्रश्न तीच माणसे, त्याच आदराने विचारतात. दोन्ही भाषा बोलणाऱ्यांना त्यांत काही विसंगती जाणवत नाही. गेली बरीच वर्षे गायन शिकवण्यावरच उपजीविका करीत असल्याने मला ती जाणवते, आणि तिच्या मुळाशी केवळ पैशाचा प्रश्न नसून शिकण्याच्या स्वरूपाविषयीचा एक गैरसमज आहे असे माझे मत आहे.

प्रथम हिशेबाची बाजू पाहू. शाळा सुटल्यावर मुले मोकळी होतात ती संध्याकाळी पाच-साडेपाचला, आणि रात्री नऊनंतर कोणी शिकायला येत नाही. म्हणजे शिक्षकाकडे रोजचे विकाऊ तास साडेतीन, फार तर चार. सकाळ मोकळी असते, पण सकाळ घेऊन तो करणार काय? त्यातला बुधवारचा सहाचा तास त्याने एका विद्यार्थ्यासाठी राखून ठेवलेला असतो. त्या तासासाठी आलेल्या आणखी दोघांना त्याने परत पाठवलेले असते. वाण्याची आज न खपलेली साखर उद्या खपते. बुधवारचे सहा मात्र गुरुवारी विकता येत नाहीत. साडेपाचला मोबाइलवर संदेश येतो, 'सर, आज युनिट टेस्टचा अभ्यास आहे, येत नाही', आणि तो तास नाहीसा होतो. तो कोणी बुडवला हे सर्वांना ठाऊक असते. त्याचे पैसे कोणी सोसायचे एवढाच वाद असतो, आणि तो न बोलता शिक्षकाच्या विरुद्ध निकालात निघतो, कारण पैशाविषयी बोलणे कलावंताला शोभत नाही, असे आपल्याकडे मानले जाते.

हे न शोभणे कुठून आले? विद्यादानाच्या परंपरेतून, असे उत्तर मिळते. पण त्या परंपरेत गुरूचे घर कोण चालवीत होते, हे विचारायला हवे. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांना इचलकरंजीच्या जहागीरदारांचा आश्रय होता. अल्लादिया खाँ कोल्हापुरात शाहू महाराजांच्या दरबारी होते. शिष्याकडून पैसा घेतला नाही तरी चूल पेटत होती, कारण ती दरबाराच्या खर्चाने पेटत होती. आणि शिष्यही पाणी भरून, तंबोरे उचलून, वर्षानुवर्षे घरात राबून आपला मोबदला चुकवीत होता. दरबार गेले, राबणे गेले, आणि फुकटपणाची आठवण तेवढी मागे राहिली.

विष्णु दिगंबर पलुस्करांनी हे वेळीच ओळखले होते. त्यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले ते राजाश्रयावर विसंबून न राहता, लोकाश्रयाच्या भरवशावर. ठरलेला अभ्यासक्रम, ठरलेली वेळ, ठरलेली फी ही चौकट आपल्याकडे संगीताला प्रामुख्याने त्यांनी दिली. त्यांच्या उपदेशक वर्गातील विद्यार्थ्यांकडून तर काही वर्षे टिकून शिकण्याची बांधिलकी आधी लिहून घेतली जाई. विद्येविषयी पलुस्करांना आदर कमी होता, असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही.

याहून बोलके उदाहरण केसरबाई केरकरांचे. १९२१ साली अल्लादिया खाँसाहेबांनी त्यांना गंडा बांधला, त्यापूर्वी घातलेल्या अटींची हकीकत संगीताच्या वर्तुळात प्रसिद्ध आहे. किमान दहा वर्षे तालीम घ्यायची. महिन्याचा ठरलेला पगार द्यायचा. खाँसाहेब आजारी पडून तालीम खंडली तरी तो चालू ठेवायचा. आणि त्यांना मुंबई सोडावी लागली तर शिष्येने त्यांच्या मागोमाग जायचे. विसाव्या शतकातल्या एका अलौकिक गायिकेची तालीम अशा रोखठोक करारावर उभी होती. त्या कराराने तालमीचे पावित्र्य डागाळले नाही. उलट, आज नको उद्या पाहू, ही पळवाटच त्याने बंद केली.

तेव्हा माझे पहिले म्हणणे असे की, फी तासाची नसावी, सत्राची असावी. तीन किंवा सहा महिन्यांसाठी एक जागा राखली जाते, तिचे ते मोल. गैरहजेरीची वजावट नाही. हे पहिल्याच दिवशी, हसतमुखाने आणि लेखी सांगावे. खरा आजार, घरातले संकट, पैशाची नड यांना अपवाद करावेतच. पण अपवाद हा शिक्षकाच्या माणुसकीचा भाग असावा, विद्यार्थ्याच्या हक्काचा नव्हे. आणि नियम दोन्ही बाजूंना लागू हवा. स्वतःच्या मैफलीसाठी आयत्या वेळी क्लासला सुट्टी देणारा शिक्षक तो तास भरून देत नसेल, तर विद्यार्थ्याला शिस्त शिकवण्याचा त्याला अधिकार उरत नाही.

एवढ्यावर थांबलो तर मी फक्त शिक्षकांच्या संघटनेचे पत्रक लिहिले असे होईल. खरा प्रश्न पुढचा आहे: मुले तास का बुडवतात? ताप, लग्न, गणपती, गॅदरिंग ही कारणे खरी असतात, पण ती सगळ्यांनाच असतात. तरीही एक मुलगी वर्षात दोनदा चुकते आणि दुसरी महिन्यात दोनदा. माझे निरीक्षण असे की, बहुतेक गैरहजेरीमागे न केलेला रियाज असतो. मागच्या बुधवारी यमनचे चार आलाप दिलेले असतात; आठवडाभर तंबोरा लागलेला नसतो; मंगळवारी रात्री पोटात गोळा येतो आणि बुधवारी घसा बसतो. ही लबाडी नसते, लाज असते. लाजेने एक तास बुडतो, पुढच्या वेळी ती दुप्पट होते, आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात पालकांचा फोन येतो की, अभ्यास वाढल्यामुळे गाणे तूर्त थांबवतो आहोत. जो हिशेब गैरहजेरीचे पैसे वळते करतो, तो या लाजेला लपायला स्वस्तात जागा देतो. तास बुडवण्याची आणि गोडी नसण्याची तक्रार आपण वेगवेगळी करतो. माझ्या मते त्या दोन तक्रारी नाहीतच.

बुडालेला इतिहासाचा धडा मैत्रिणीच्या वहीतून उतरवून घेता येतो. बंदिशही उतरवता येईल. भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तकमालिकेत ती स्वरलिपीसह छापलेली सापडेल. पण यमनमध्ये निषादावरून रिषभावर येऊन गंधारावर किती थांबायचे, तीव्र मध्यमाला किती भार द्यायचा, हे कानातून गळ्यात उतरते आणि चुकल्याबरोबर कोणी अडवले तरच उतरते. तालीम ही अडवण्याची कला आहे. दोन आठवडे कोणी अडवले नाही की चुकलेला गंधारच कानाला खरा वाटू लागतो. तबल्यावर हाताची ठेवण अशीच बिघडते. म्हणूनच बुडालेला तास पुढे ढकलला, असे म्हणणे फसवे आहे.

मग गोडी लावायची कशी? परीक्षा हा आपल्याकडचा रूढ उपाय. प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंतच्या सात पायऱ्या, आणि महाराष्ट्रात आता दहावीच्या निकालात शास्त्रीय कलांच्या परीक्षांना मिळणारे वाढीव गुण. परीक्षेला नाके मुरडणाऱ्यांतला मी नाही. दिशा नसलेल्या मुलाला ती पायवाट देते. पण गुणांसाठी आलेला विद्यार्थी गुण हाती पडताच जातो, आणि त्याचा आपण राग धरू नये. त्याने आपला व्यवहार पूर्ण केलेला असतो. मराठीत गोडी 'लागते' असे आपण म्हणतो. ती बाहेरून दिली जात नाही. शिक्षक करू शकतो ते इतकेच की, लागण्याला वाव ठेवणे.

त्यासाठी एक नियम मी सगळ्यांत वर ठेवीन: रियाज न करता आलेल्या विद्यार्थ्याला रागवायचे नाही. 'आज रियाज झाला नाही', असे त्याने दारातच सांगावे आणि तो तास दोघांनी मिळून रियाजात घालवावा. तंबोरा लावून वीस मिनिटे नुसता षड्ज, मग तेच चार आलाप. पुढे जाणे होत नाही, पण येणे थांबत नाही. आणि गाण्यात येत राहणे हेच बहुतांशी पुढे जाणे असते. दुसरे, रोजचा रियाज एवढा लहान ठरवून द्यावा की तो टाळण्याचीच लाज वाटावी. तिसरे, भरून द्यायचे तास एकेकट्याला न देता महिन्यातून एका रविवारी सकाळी सर्वांना एकत्र बसवावे. धाकट्याने थोरल्याचा भूप ऐकावा, थोरल्याने धाकट्याची सरगम सांभाळावी. आपली जागा रिकामी राहिली तर कोणाच्या तरी लक्षात येईल, ही जाणीव प्रेरणेवरच्या प्रवचनापेक्षा अधिक काम करते. गुरूच्या घरी राहणाऱ्या शिष्याला कानावर पडणारे गाणे अखंड मिळत होते. त्याचा अंशमात्र तरी आपण असा परत आणू शकतो.

ऑनलाइन शिकवणीत हे अधिक अवघड आहे. अमेरिकेतल्या मराठी घरांत शिकवताना मार्च आणि नोव्हेंबरमध्ये तिथली घड्याळे सरकतात, आपली जागची हलत नाहीत, आणि त्या आठवड्यात हमखास दोन-चार तास बुडतात. आवाज थोडा उशिरा पोहोचत असल्याने सोबत गाता येत नाही, रविवारची बैठक जमत नाही. तिथे लेखी नियम अधिक लागतो आणि धीरही.

हे सर्व करूनही काही विद्यार्थी जातील. ज्याचे मन तबल्यात आहे त्याला आईच्या हौसेखातर गळ्यात अडकवून ठेवू नये; त्याला तसे स्पष्ट सांगणे हेही शिकवणेच आहे. पण जो लाजेने जातो, तो जाऊ देणे हे शिक्षकाचे अपयश मानले पाहिजे. फीचा नियम बाहेर जाणारे दार थोडे जड करतो, एवढेच त्याचे काम. आत येणारे दार हलके ठेवणे हे नियमाने होत नाही. ते शिक्षकाच्या तोंडच्या पहिल्या वाक्याने होते. शिक्षकांनी नियम मागताना संकोचू नये, आणि नियम मिळाल्यावर ते वाक्य विसरू नये.