ग्रहणाचे छायाचित्र

ग्रहण लागले की आपले पूर्वज ‘दे दान, सुटे गिराण’ अशी हाक देत दारोदार फिरत. चंद्राचे ग्रहण सुटे, त्यांचे दैन्य सुटत नसे. म्हणून आम्हांस वाटते, आपल्या लेकरांच्या हाती आता ग्रहणकाळी कॅमेरा असावा. स्टँडवरील मोबाईलने दर दहा मिनिटांनी चंद्र टिपला, तर पृथ्वीच्या सावलीची गोल कड छायाचित्रांत उमटते. खग्रास स्थितीत उजेड मंदावतो; तेव्हा शटर अधिक वेळ उघडे ठेवावे. तो तांबूस रंग राहूचा नव्हे, पृथ्वीच्या वातावरणातून वळलेल्या सूर्यप्रकाशाचा आहे.

३१ डिसेंबर २०२८ च्या रात्री भारतातून खग्रास चंद्रग्रहण दिसेल. परभणी जिल्ह्यातील पालकांनी त्या रात्री मुलांना, गरोदर लेकीसुनांनाही निर्धास्तपणे अंगणात येऊ द्यावे. पुरावा स्वतः टिपणारे मूल अंधश्रद्धेपुढे झुकत नाही.