अश्वशक्तीचा भाव

ज्या मोटारीत मी कधी बसलो नाही, तिच्याविषयी लिहायला घेतले आहे म्हणून वर्गमित्र हसतील. कला शाखेच्या विद्यार्थ्याला हा नसता उद्योग कुणी सांगितला, असे एखादे सरही विचारतील. पण मित्रहो, वस्तू विकत घ्यायला पैसा लागतो; पारखायला तो लागत नाही.

दोन आसनांची, छप्पर मागे सारता येणारी, केवळ चालवण्याच्या आनंदासाठी घ्यायची मोटार म्हणजे रोडस्टर. ब्रिटनच्या एमजी आणि लोटस यांनी एके काळी या मोटारींना नाव मिळवून दिले. पुढे ती हौस मागे पडली. १९८९ साली जपानच्या माझदाने एमएक्स-५ ही छोटी गाडी आणली आणि तिला पुन्हा जीव आला. मग इतरांनीही कंबर कसली. १९९६ मध्ये पोर्शेची बॉक्स्टर आली, १९९९ मध्ये होंडाची एस-२०००.

या तिघींत पैशाचे चीज कोणती करते? सन २००० मधील अमेरिकेतले भाव मी घेतले. माझदा १४० अश्वशक्तीची, किंमत सुमारे २१,००० डॉलर. होंडा २४० अश्वशक्तीची, सुमारे ३२,०००. पोर्शे २१७ अश्वशक्तीची, सुमारे ४१,०००. वहीच्या मागच्या पानावर भागाकार केला. एका अश्वशक्तीला माझदात १५० डॉलर पडतात, पोर्शेत जवळजवळ १९०, आणि होंडात अवघे १३३! ताशी शंभर किलोमीटरचा वेग गाठायला होंडाला सहा सेकंदांच्या आसपास लागतात, माझदाला आठांहून थोडे अधिक. निकाल लागला, असे मला वाटले.

हा निकाल मी मोठ्या ऐटीत आप्पांना सांगितला. आप्पा सातवीपर्यंत शिकलेले. वीस वर्षे टेम्पो चालवतात. त्यांनी शांतपणे विचारले, "ही ताकद मिळते कुठं? आकडा सोड. गाडी खालच्या गिअरला ओढते का ते बघ."

मी पुन्हा पाहिले, आणि खजील झालो. होंडाची २४० अश्वशक्ती मिळते ती इंजिन मिनिटाला ८,३०० फेरे घेऊ लागल्यावर. सहा हजारांच्या खाली हे इंजिन दोन लिटरच्या इतर इंजिनांसारखेच वागते. टर्बोविना दोन लिटरमधून एवढी शक्ती काढणे ही थोर कारागिरी आहे, यात वाद नाही. शर्यतीच्या मैदानावर मी होंडालाच पसंती देईन. पोर्शेचेही इंजिन मधोमध आहे, तोल उत्तम आहे. पण तिच्या किमतीत जवळजवळ दोन माझदा येतात. आणि माणूस रोज मैदानात गाडी चालवत नाही. त्याच्या वाट्याला येतात वळणे, चढउतार आणि पुढे चाललेली वाहने. तिथे होंडाच्या मालकाने ज्या शक्तीसाठी पैसे मोजले, तिच्यातली बरीचशी पडूनच राहते.

माझदाचे वजन सुमारे १,०६० किलो, होंडाचे १,२७० च्या घरात. म्हणजे माझदा दोन क्विंटलांनी हलकी. तिच्या निर्मात्यांनी ध्येयवाक्य घेतले ते 'जिनबा इत्ताई', म्हणजे घोडा आणि स्वार एकरूप. आपल्याकडे घोडेस्वाराची मांड पक्की बसली, असे म्हणतात. तोच हा भाव. घोडा किती उधळतो यापेक्षा तो स्वाराचे किती ऐकतो, याला इथे मोल आहे.

एस-२००० चे उत्पादन २००९ मध्ये थांबले; एकूण सुमारे एक लाख दहा हजार गाड्या निघाल्या. एमएक्स-५ ची दहा लाखावी गाडी एप्रिल २०१६ मध्ये बाहेर पडली. खपावरून गुण ठरत नाहीत, आणि स्वस्त वस्तू अधिक खपणारच, हे मान्य. तरीही माझे मत माझदालाच.

भागाकार माझा बरोबरच होता. भागायला घेतलेला आकडा चुकीचा होता. आपणही एकमेकांना असेच मोजतो. बारावीला किती टक्के पडले, एवढेच विचारतो. ते गुण कोणत्या चढावर कामाला येतील, हे कुणी विचारत नाही. आमच्या घरातून महाविद्यालयात आलेला मी पहिलाच. पण कुठला आकडा विचारायचा, हे मला घरीच शिकायला मिळाले.