तीन-दोनची कुस्ती

आमच्या हिंजवडीच्या कँटीनमध्ये एक वाद कायम चालू असतो. खबीब की मॅकग्रेगर? २०१८ ची ती लढत मंडळींना पाठ आहे. खबीब पायाला कसा चिकटतो, मॅकग्रेगरचा दम कुठल्या फेरीत संपतो, चौथ्या फेरीत मान आवळली तेव्हा नेमकी चूक काय झाली... सगळं! ऐकायला मजा येते.

पण याच मंडळींना मी महाळुंगे-बालेवाडीच्या क्रीडासंकुलात जानेवारी २०२० मध्ये झालेल्या महाराष्ट्र केसरीबद्दल विचारलं, तर उत्तर काय? "बोअर झाली रे फायनल."

हर्षवर्धन सदगीर विरुद्ध शैलेश शेळके. निकाल ३-२. पाठ लागली नाही, धोबीपछाड नाही, काही नाही. माझ्या शेजारी बसलेले एक काका तर सरळ म्हणाले, "ही काय कुस्ती? नुसती ढकलाढकली." मी म्हटलं, "काका, दोघं एकाच वस्तादाचे पठ्ठे आहेत. एकमेकांचे डाव रोज अंगावर घेतात. लागणार कसे?" काकांना काही ते पटलं नाही. असो.

खरं तर दोघेही काका पवारांच्या तालमीतले म्हणूनच ती कुस्ती बघण्यासारखी होती. डाव दोघांनाही माहीत असले की उरतात त्या सवयी. कोण आधी मागे सरतो, कोणाचं डोकं कुठल्या बाजूला जातं, दम लागला की कोण नुसता हात धरून उभा राहतो. गादीवर ३-३ मिनिटांच्या दोन फेऱ्या. ताबा घेतला तर २ गुण, रिंगणाबाहेर गेलात तर समोरच्याला १. आणि नुसते अंग चोरून उभे राहिलात तर पंच ३० सेकंद देतात; तेवढ्यात गुण नाही मिळवला तर १ गुण समोरच्याच्या खात्यात! म्हणजे अंगात बळ असूनही माणूस हरू शकतो.

आणि माझ्या मते आपल्या मल्लांची कच्ची बाजू नेमकी इथेच आहे. जत्रेच्या फडात निकाल चितपटीवर. पाठ लागत नाही तोवर काही बिघडलेलं नसतं. तिथे थांबणं, समोरच्याला दमवणं हा शहाणपणा. गुणांच्या कुस्तीत तोच शहाणपणा महागात पडतो.

जानेवारी २०२३ ला कोथरूडला हेच झालं. महेंद्र गायकवाडच्या बाहेरच्या टांगेला ४ गुण दिले आणि सिकंदर शेख हरला. महाराष्ट्रभर भांडण पेटलं. पंच बरोबर की चूक यात मी पडत नाही. पण आपण भांडत होतो ते "पाठ कुठे लागली?" यावर. नियम पाठ लागण्याची वाट बघतच नाही, पाठ गादीकडे धोकादायक वळली की गुण! नंतर त्याच वर्षी फुलगावला सिकंदरने शिवराज राक्षेला अर्ध्या मिनिटाच्या आत चितपट केलं. तेव्हा कोणी चकार शब्द काढला नाही. त्याचं बळ तेच, आणि अडचणही तीच: निकाल चितपटीने लागला तर तो राजा, गुण मोजायची वेळ आली की वाद.

हे नुसतं गप्पांपुरतं नाही. खाशाबा जाधव १९४८ ला लंडनला गेले तेव्हा गादी आणि तिचे नियम त्यांना नवखे होते, सहावे आले. चार वर्षांत ते शिकले आणि १९५२ ला हेलसिंकीहून ब्राँझ आणलं. त्यानंतर ऑलिंपिकमध्ये कुस्तीचं पदक महाराष्ट्राच्या एकाही मल्लाला मिळालेलं नाही. सत्तर वर्षं उलटून गेली! पोरांत दम नाही म्हणावं, तर काका पवारांच्याच तालमीतल्या राहुल आवारेने २०१९ ला जागतिक स्पर्धेत ब्राँझ घेतलंच की.

थोडक्यात काय, तर पोरगं शिट्ट्या कशाला मिळतात ते बघून शिकतं. आपण फक्त चितपटीला फेटे उडवले तर ते तेवढंच शिकणार. पुढच्या वेळी ३-२ ची कुस्ती लागली तर मोबाईल खिशात ठेवा आणि नुसते पाय बघा. कंटाळा आला तर चहा माझ्याकडून.

बाय द वे, त्या फायनलनंतर हर्षवर्धनने हरलेल्या शैलेशला खांद्यावर उचलून घेतलं होतं. तेवढ्याला मात्र काकांनीही टाळ्या वाजवल्या.